ताप उतरला त्या दिवशी

भादवा लागला की माझं डोकं फिरतं. शाळेत मुलांना निबंध असतो, 'माझा आवडता ऋतू'. निम्मा वर्ग पावसाळा लिहितो. मोर, इंद्रधनुष्य, हिरवा गालिचा. मी लाल पेनानं शुद्धलेखन तपासते आणि मनात म्हणते, अरे, तुझी आई मागच्या आठवड्यात तापात बरळत होती, गल्लीभर ऐकू येत होतं, आणि तू मोर लिहितोस? आमच्या अनसिंगच्या आसपास मोर आहेत, नाही असं नाही. पण या महिन्यात आमच्या दारात मोर येत नाही. ताप येतो.

यंदाही तो आलाच. सोयाबीन पिवळं पडायला लागलं, बांधावर तरोटा कमरेएवढा झाला, आणि वर्गातले बाक रिकामे दिसू लागले. सकाळी ऊन असं पडतं की पाठ भाजते, दुपारी आभाळ भरून येतं आणि न बरसताच निघून जातं. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, त्यांना कुबट वास येतो. गॅसच्या शेगडीखाली, मोरीत, चपलांच्या खणात, सगळीकडे ओल. आणि या सगळ्यावर तो बारीक, सतत गुणगुणणारा आवाज. लोकांना रातकिड्यांचा आवाज आठवतो. मला डासांचा आठवतो.

तापाच्या माणसाला एक वास असतो. औषधाचा नव्हे, घामाचाही नव्हे. तव्यावर पाणी शिंपडल्यावर जो येतो ना, तसला. कोणाच्या घरात पाय ठेवला की मला तो आधी येतो. हे नाक मला एका हंगामानं दिलं. त्या हंगामाचे मी आभार मानणार नाही.

सुजू, माझी मुलगी, तेव्हा चौथ्या वर्षात होती. आमचं घर म्हणजे एका घराची दोन केलेली घरं. सासरे गेल्यावर मधे भिंत घातली; पुढचं आंगण तेवढं दोघांचं राहिलं, आणि आंगणातला नळही दोघांचा. त्या बाजूला माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि त्यांची बायको प्रमिलाबाई. त्यांची दोन्ही मुलं पुण्याला कंपनीत. या बाजूला आम्ही तिघं: मी, विलास आणि सुजू.

मोठ्या जावेला मी 'बाई' म्हणते. रागातसुद्धा 'तुमी'च म्हणते. माझ्या आईनं वळणच तसं लावलं. भांडायचं तेही अहोजाहो घालून. बाईंना असलं काही वळण नव्हतं. नळ बऱ्याच दिवसांनी एकदा येतो, त्यामुळे दोन्ही घरांची पिंपं, टाक्या, बादल्या आंगणात मांडलेल्या. पहिलं पिंप कोणाचं, यावरून सुरुवात व्हायची. मग, आणि नळ नसेल त्या दिवशी थेट, माझ्या मोरीचं सांडपाणी त्यांच्या उंबऱ्याकडे जातं, यावर गाडी यायची. मग माझं माहेर. मग माझी नोकरी.

"मास्तरीन झाली म्हून आंगण तुह्या बापाचं झालं काय वं?"

"बाई, पाणी उताराकडे जाते. उतार मी नाई केला."

"उतार नाई केला, पन पानी तं तूच सोडून राह्यली नं!"

हे रोज. चहासारखं. एखादे दिवशी राहिलं तर चुकल्याचुकल्यासारखं वाटावं इतकं. पावसाळ्याच्या तीन महिन्यांचा वर्षावास चालू होता. संध्याकाळी विहारात वाचन असायचं, गल्लीतल्या सगळ्या बाया पांढरी लुगडी-साड्या नेसून जमायच्या. मैत्रीभावनेवर बोलणं चालायचं, आणि आम्ही दोघी सतरंजीच्या दोन टोकांना, एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या. मधे सगळं गाव बसलेलं.

त्या भादव्यात आधी सुजूला ताप आला.

रविवारची दुपार होती. सकाळपासून ती जरा गरम होती, पण खेळत होती; मी फार मनावर घेतलं नाही. जेवण झालं, तिला मांडीवर घेतलं, आणि एकाएकी तिचं अंग कडक झालं. डोळे वर गेले. हात-पाय झटके देऊ लागले. ते किती वेळ चाललं असेल? फार नाही. पण तेवढ्यात मी तीनदा तरी मेले.

मी किंचाळले तशी गल्ली आत आली. गल्ली नेहमी आत येते. कोणी कांदा फोडून नाकाला लावला. कोणी चप्पल आणली हुंगवायला. एकीनं दातात चमचा घालायचा म्हणून भांडी पाडली. एकीनं गोधडी आणली आणि तापलेल्या पोरीला त्यात गुंडाळलं. दारातून बाईंचा आवाज आला.

"पोट्टीले उनात फिरवते, पावसात भिजवते, मंग हे नाई होईन तं काय होईन?"

मला आजही तो आवाज आठवला की कान तापतात. माझी मुलगी मांडीवर झटके देतेय आणि ही बाई दारात उभी राहून माझं वागणं मोजतेय. मी तिच्या अंगावर धावून जायची ते फक्त हातात सुजू होती म्हणून राहिलं.

झटके थांबले. पोर ढिली पडली, मग रडली. विलासनं मोटारसायकल काढली, मी तिला पोटाशी धरून मागे बसले, वाशिमला गेलो. मुलांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तपासलं, कान पाहिले, घसा पाहिला, मान वाकवून पाहिली, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "गोधडी काढा आधी."

मी काढली. थर्मामीटरवर एकशे तीनच्या वर होता. मी तो आकडा पाहून भिंतीला टेकले.

"आकड्याला काय घाबरता?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लेकराकडे पाहा. एकशे तीन ताप आहे आणि तुमची मुलगी माझ्या टेबलावरचा शिक्का पळवतेय. मला हिची भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती शंभर ताप असलेल्या आणि डोळे न उघडणाऱ्या लेकराची."

तापानं आलेला हा झटका या वयातल्या काही मुलांना येतो, दिसतो भयंकर, पण बहुतेक वेळा मागे काही ठेवत नाही, असं त्यांनी सांगितलं. परत आला तर कुशीवर निजवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, चमचा नाही, पाणी नाही, कांदा-चप्पल तर मुळीच नाही. लवकर थांबला नाही तर उचलून दवाखान्यात. एरवी पातळ कपडे, पाणी पाजत राहायचं, अंग पुसायचं तर कोमट पाण्यानं, बर्फानं नाही. औषध लेकराच्या वजनाप्रमाणे, शेजारणीच्या अंदाजानं नाही. आणि लक्ष कशावर ठेवायचं? पितं का, लघवी होते का, ओळखतं का, श्वास धापेचा आहे का, मान आखडली का, अंगावर डाग आले का.

मी मान हलवत होते. निघताना त्यांनी हाक मारून थांबवलं.

"तुमच्या गावात मोठ्या माणसांचेही ताप चालू असतील. सांगा सगळ्यांना. सध्याच्या या डासांच्या तापात, ताप उतरतो ना, त्या दिवशी सांभाळायचं. लोक त्या दिवशी आंघोळ घालतात आणि शेतावर जातात."

मला ते उलटं वाटलं. ताप उतरला म्हणजे माणूस सुटला, एवढंच आम्हाला ठाऊक. पण दमलेल्या डोक्यात काही वाक्यं खिळ्यासारखी बसतात, तसं ते बसलं. सुजू चार दिवसांत बरी झाली. घरी येऊन तिनं पहिलं काय केलं, तर डॉक्टरीणबाईंचा तो शिक्का खिशातून काढून भिंतभर उमटवला.

भादवा सरला, अश्विन लागला. शेताशेतांत सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू झाली. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत गावात माणूस दिसत नाही. जो दिसतो तो आजारी. आणि एक दिवस मधल्या भिंतीपलीकडून कण्हण्याचा आवाज येऊ लागला.

"हाडं मोडून राह्यली माय... डोये बाहेर निंगून राह्यले..."

बाईंना ताप आला होता. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला शांत वाटलं. आंगणात भांडण नव्हतं, माझं पिंप पहिलं भरत होतं. विलासनं एकदा खिचडीचा डबा नेऊन दिला. डबा तसाच परत आला, निरोपासकट: "माह्या घरचे तांदूळ सरले नाईत मने."

गावात एक इंजेक्शनवाला डॉक्टर आहे. कुठून शिकून आला कोणाला माहीत नाही, कोणी विचारतही नाही. मोटारसायकलला बॅग अडकवून तो या दारातून त्या दारात फिरतो, आणि त्याच्या सुईनं घाम फुटला की लोक म्हणतात, हाताला गुण आहे. तो बाईंकडे रोज येई. खुंटीला सलाईनची बाटली, कमरेत सुई, आणि अंगदुखीच्या रंगीत गोळ्यांची पुडी. रक्त तपासा असं त्यानं एकदाही म्हटलं नाही. ताप नावाचा एकच आजार असतो आणि सुई नावाचं एकच औषध, एवढ्यावर त्याचा प्रपंच चालतो. मला तो तेव्हाही आवडत नव्हता. आता तर तो गल्लीत शिरला की मी दारात येऊन उभी राहते, तो निघून जाईपर्यंत.

मग एका सकाळी भासऱ्यांचा खुशीतला आवाज आंगणात आला. "उतरला बावा ताप! अंग कसं थंडगार लागून राह्यलं!" त्यांनी गल्लीत चार जणांना सांगितलं. सोंगलेलं सोयाबीन शेतात पडलं होतं, आभाळ गढूळ होत होतं, मळणीचं मशीन त्याच दिवशी यायचं होतं. त्यांनी दुपट्टा डोक्याला बांधला, डबा घेतला.

मी मोरीत भांडी घासत होते. शाळेला जायची घाई. बादली उपडी केली तसं सगळं पाणी आंगणातून वाहत बाईंच्या उंबऱ्याकडे निघालं. बाई उंबऱ्यातच बसल्या होत्या, चौकटीला टेकून. मी तयारीत राहिले. आता सुरू होईल. आता बाप निघेल, माहेर निघेल.

काहीच निघालं नाही.

पाणी त्यांच्या पायाशी गेलं. लुगड्याचा काठ भिजला. खरकटं पाणी, त्यात भाताची शितं, त्यांच्या टाचेला लागली. आणि बाईंनी पाय घेतला नाही. त्या त्या पाण्याकडे बघत होत्या, म्हणजे डोळे त्या दिशेला होते.

मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "उतार तिकडंच आहे बाई, काय करू!"

उत्तर नाही.

इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. या बाईला बाळंतपणात, तेराव्याला, पोराच्या लग्नात, कधीही, कुठेही, माझ्या एका वाक्याला दोन वाक्यं सुचली नाहीत असं मी पाहिलेलं नव्हतं. माझ्या हातातलं भांडं खाली ठेवलं गेलं. राखेचे हात तसेच घेऊन मी आंगण ओलांडलं आणि त्यांचा हात धरला. थंड होता. साधा थंड नाही. ओला, चिकट, उन्हाळ्यात माठाला बाहेरून पाणी सुटतं तसा. ओठांच्या कडेला लाल. शेजारी थुंकदाणीत लाल.

"मिसरी लावली काय?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"पोटात दुखते?"

"दुखते," त्या म्हणाल्या. नुसतं तेवढंच. "सकायपासून उलट्या... कायी रायत नाई पोटात."

"लघवी?"

त्या आठवू लागल्या. त्यांना आठवेना. डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य माझ्या डोक्यात असं वाजलं की मी तिथेच ओरडले, "भासरेबुवा, थांबा! बाईंले वाशिमले न्या. आत्ताच्या आत्ता."

भासरे दारात वळले. "अवं पन ताप तं उतरला नं, वंदना."

"म्हणूनच न्यायचं."

"ताप होता तवा नाई नेलं, अन् आता उतरला तं नेऊ? मशीनवाला येऊन राह्यला तिकडं. थांबते काय तो?"

तेवढ्यात मोटारसायकल आलीच. इंजेक्शनवाल्यानं बाईंच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाला, "कमजोरी आहे. पाच-सहा दिवस तापानं खाल्लं, अंगात राह्यलं काय? एक बाटली लावतो, संध्याकायपर्यंत उठून भाकरी टाकीन."

"तुमी बॅग बंद करा," मी म्हटलं.

"मॅडम, शाळेत तुमी शिकवता, आमी येऊन खडू हिसकत नाई."

"माझ्या खडूनं कोणी मरत नाही. निघा इथून."

गल्ली जमली होती. शिकलेली बाई डॉक्टरला घालवते, हे गावाला आवडत नाही. कोणी म्हणालं, जावाजावांचं भांडण आहे, हिला मजा वाटून राहिली. कोणी म्हणालं, आजारी माणसाचे हाल करते. आणि मग स्वतः बाई, चौकटीला टेकलेल्या, डोळे मिटलेल्या, पुटपुटल्या, "हिच्यासंग... नाई जात मी."

मला इतका संताप आला. या बाईचा, भासऱ्यांचा, मशीनचा, त्या बॅगेचा, दारात उभ्या राहिलेल्या तोंडांचा, त्या पिवळ्या उन्हाचा. "मंग मरा!" मी म्हटलं. "पण माह्या आंगणात नाई मरायचं!"

बाईंचे डोळे अर्धे उघडले. "आंगन... तुहं... नाई."

"आहे का अजून जीव? बरं झालं. चला." मी काखेत हात घातला. दुसऱ्या बाजूनं विलास आला. भासरे काही म्हणेपर्यंत आम्ही त्यांना कोपऱ्यावरच्या ऑटोत बसवलं होतं. मग भासरे डबा हातात घेऊनच धावत आले आणि ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या ढुंगणावर बसले. सुजूला घेऊन विलास मागे थांबला.

त्या रस्त्याइतका सुंदर रस्ता मी कधी पाहिला नाही, आणि त्याचा मला कधी इतका तिटकारा आला नाही. दोन्हीकडे सोंगलेलं सोयाबीन, ताडपत्रीखाली झाकलेल्या सुड्या, पांढरे बगळे, तुरीला आलेला गडद हिरवा रंग. सगळं कसं धुतलेलं. आणि माझ्या खांद्यावर बाईंचं डोकं, प्रत्येक खड्ड्याला इकडून तिकडे जाणारं. त्यांना झोप लागत होती. ती झोप मला नको होती.

म्हणून मी भांडायला लागले.

"बाई, तुमच्या थोरल्याच्या लग्नात माझ्या माहेरच्यांना शेवटच्या पंगतीत बसवलं, ते कोणी सांगितलं होतं?"

बाईंचं डोकं खांद्यावरून घसरलं. मी ते परत टेकवलं.

"माझी साडी दोरीवरून पाडून चिखलात तुडवली होती, ती कोणी?"

"वाऱ्यानं," बाई म्हणाल्या.

"वाऱ्याला पाय होते काय?"

मी आणखी एक काढलं, आणखी एक. सगळी वर्षं उकरून काढली. सुजूच्या बारशाला आला नाहीत. विहारात माझ्याविषयी अमुक बोललात. आधी दोन शब्द परत येत, मग एक, मग नुसतं 'हूं'. मग बराच वेळ काहीच नाही. ऑटोवाला आरशातून बघत होता. भासरे समोर दोन्ही हातांनी डबा धरून रडत होते. मी बाईंचा खांदा गदागदा हलवला आणि तोंडात येईल ते म्हणाले, "अन् तुमच्या हातची पुरणपोळी कधीच चांगली होत नाही, गावात सगळे हसतात!"

फार खोलातून एक शब्द आला. "खोटं."

खोटंच होतं. आमच्या गल्लीत त्यांच्यासारखी पुरणपोळी कोणाची होत नाही.

वाशिमला मोठ्या दवाखान्यात गेलो. एका तरुण डॉक्टरनं नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, दुसऱ्यांदा मोजला, आणि एकदम धावाधाव सुरू झाली. दोन्ही हातांत सुया. रक्ताच्या बाटल्या भरून तपासायला गेल्या. त्याचे डोळे जागरणानं तांबडे होते. तो भासऱ्यांवर खेकसला, "काल का नाही आणलं?"

"काल ताप होता साहेब. आज उतरला म्हून वाटलं..."

डॉक्टरनं हातातला कागद ठेवला. तो बहुधा हे वाक्य त्या हंगामात फार वेळा ऐकून बसला होता. "काका, या तापात ताप उतरतो तेव्हा खरा धोका सुरू होतो. नसांमधून पाणी पाझरतं, बाहेर जातं. नसा रिकाम्या पडतात. बाहेरून अंग थंडगार लागतं आणि घरचे पेढे वाटतात. पोटात दुखणं, उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, लघवी कमी, यातलं एक जरी दिसलं तरी उचलायचं. कोणत्या गोळ्या दिल्या?"

भासऱ्यांनी खिशातून ती रंगीत पुडी काढली. डॉक्टरनं एक गोळी उचलून पाहिली. "या अंगदुखीच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. या तापात साधी तापाची गोळी, पॅरासिटामॉल, आणि भरपूर पाणी. बाकी काही नाही." पुडी त्यानं कचऱ्यात टाकली. ती पडल्याचा आवाजही झाला नाही. इतकी हलकी होती.

तो दिवस आणि पुढचा दिवस कसे गेले ते मी लिहू शकत नाही, कारण मला ते सलग आठवत नाहीत. वॉर्डात एकेका खाटेशेजारी माणसं बसलेली. अश्विनातलं ऊन खिडकीतून येऊन फरशीवर पडलेलं. प्रत्येक खाटेवर तो तव्याचा वास. मी बाईंचं तोंड पुसत होते, केस विंचरत होते, कारण बाईमाणूस दुसरं कोणी नव्हतं. भासरे पायथ्याशी बसून तेच तेच म्हणत, "मले कायले समजलं नाई वं? मले कायले समजलं नाई?" मी त्यांना काही म्हटलं नाही. समजूत घालण्याइतकी मी चांगली नाही, आणि टोचण्याइतकं बळ उरलं नव्हतं.

मग एका सकाळी डॉक्टर म्हणाला, रक्तातल्या प्लेटलेट्सचे आकडे वर येत आहेत, आता घसरण थांबली. बाईंच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी डोळे उघडले, छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात डोक्याला लावून पाहिला.

"माह्या केसाले तेल कोनं लावलं?"

"मी."

"एवढं लावतेत? बुधलाच ओतला काय? उशी खराब झाली ना लोकाईची. पैल्यांदाच पायलं काय वं तेल?"

मी उठून बाहेर जिन्यात जाऊन बसले. मला रडू आलं, आणि त्या रडण्याचाही मला राग आला. या बाईसाठी? येणारे-जाणारे मला पाहून हळू होत. त्यांना वाटलं असेल, हिचं कोणी गेलं.

गावाला गोष्टी गोड संपवायला आवडतात. आम्ही परत आल्यावर विहारात एका आजीनं दोघींचे हात धरले आणि म्हणाली, "झाली नं आता मैत्री?" आम्ही दोघी एकाच वेळी "नाई" म्हणालो. आणि खरंच झाली नाही. नळ आला की भांडण होतं. एक मात्र सुरू झालं. दर आठवड्याला त्या त्यांची पिंपं रिकामी करून घासतात, मी माझी. आणि मग त्या माझ्या टाकीत डोकावतात, मी त्यांच्या. वळवळणारी एक अळी जरी सापडली तरी अर्धी गल्ली ऐकेल असा उद्धार होतो. आमच्या आंगणात डास कमी आहेत. ते प्रेमानं कमी झालेले नाहीत.

आणि मी अजूनही या ऋतूवर चिडते. ताप हा शहाणा शत्रू आहे. जिथे बघायचं तिथे तो बघू देत नाही. आकडा दाखवतो आणि माणूस लपवतो. लेकराला पेटवून आईला वेड लावतो, आणि मोठ्या माणसाच्या अंगातून हळूच निघून जाताना मागचं दार उघडं ठेवतो. त्याच्याशी गोडीनं वागून चालत नाही.

गेल्याच आठवड्यातली गोष्ट. गल्लीच्या पलीकडच्या घरातली रूपाली, नवी सून, पहिलंच बाळ, अजून दोन महिन्यांचंही नाही, आंगणात येऊन उभी राहिली. "काकू, याचं अंग जरा गरम लागून राह्यलं. आत्याबाई मनतात दिष्ट लागली." बाळ तिच्या हातात मऊ कापडासारखं पडलेलं. सकाळपासून धड प्यायलं नव्हतं.

मी दारात होते, बाई नळाशी. आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "वाशिमले चाल!"

आत्याबाई म्हणजे तिची सासू, ती मागून आली. मोहरी-मिरची ओवाळते, उतरेल, एवढ्याशा जिवाला कुठे फिरवता, वगैरे. आणि मग बाई सुटल्या.

"एवढुशा लेकराले ताप मंजे ताप! त्यात थोडा नाई न् बहू नाई! दिष्ट तुह्या अकलेले लागली! मिरच्या चुलीत टाक अन् तू बी बस तिथंच! नातू पायजे तं बाजूले सरक!"

मी आयुष्यात पहिल्यांदा बाईंच्या शिव्या बाहेरून ऐकत होते, स्वतःवर नसलेल्या. काय सुरेख शिव्या. एकही शब्द वाया नाही. सासूबाई सरकल्या.

बाळाला जंतुसंसर्ग होता. दवाखान्यात ठेवून घेतलं, वेळेत आलात म्हणाले, आणि परवा ते घरी आलं. हे आधीच सांगून टाकते, उगाच कोणाच्या जिवाला घोर नको. मला सांगायची आहे ती ऑटो. रूपाली मधे, बाळ तिच्या मांडीवर, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाई. रस्त्याला तेच ऊन, तीच शेतं. बाळ हूं की चूं करत नव्हतं. रूपाली सारखी त्याच्या नाकापाशी बोट नेऊन बघत होती. मी बाजूचा पडदा वर गुंडाळला.

"खाली कर थो," बाई म्हणाल्या. "लेकराले वारा लागते."

"तापात हवा लागते बाई. गोधडी गुंडाळायची आहे काय?"

"हवा निरायी अन् वारा निरायी! मले शिकवते?"

"शिकवायचीच नोकरी आहे माझी."

"शायेत शिकव! इथं नको शिकवू!"

आवाज चढत गेले. ऑटोवाल्यानं वेग कमी केला. रूपाली रडवेली होऊन एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघू लागली. आणि त्या गोंधळात बाळ दचकलं. त्यानं मुठी आवळल्या, तोंड वाकडं केलं, क्षणभर श्वास धरला, आणि मग असा टाहो फोडला की बाहेर रस्त्याच्या कडेच्या बाईनं मान वळवून पाहिलं.

बाईंनी बाळाच्या कपाळावर हात ठेवला. त्यांचा चेहरा एकदम सैल पडला होता.

रूपाली त्याला थोपटू लागली, "उगी, उगी..."

"उगी नको करू वं," बाई म्हणाल्या. "रडू दे. रडून राह्यलं मंजे अजून भांडून राह्यलं."